ऑपरेशनची तारीख आणि मनगटावरची नाडी



आमच्या वसाहतीत एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन मुलांना शिकवले. वय बासष्ट. जिना चढताना त्यांना दम लागू लागला, छाती आवळल्यासारखी होऊ लागली, म्हणून तपासण्या झाल्या. हृदयातून अंगभर रक्त सोडणाऱ्या दारावर एक झडप असते. डॉक्टर तिला एऑर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. मावशींची ही झडप चुना साचून कडक आणि अरुंद झाली होती. झडप बदलणे हाच उपाय. योजनेतून मंजुरी आली आणि सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. घरात सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसले.

एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, उठताना डोळ्यापुढं अंधारी येते." मी म्हणालो, "मावशी, तारीख जवळ आली की असं होतंच. काळजी करू नका, लिंबू-सरबत घ्या." दवाखान्याची कामे करण्यात माझी वीस वर्षे गेली, तरी मी हे बोललो. त्यांच्या मनगटाला हात लावायचेही मला सुचले नाही. आठ दिवसांनी मावशी मोरीत पडल्या.

माणसे धावली. कोणी कांदा हुंगवला, कोणी तोंडावर पाणी मारले, आणि एका बाईने हळूच 'बाहेरचं काहीतरी' असेही म्हटले. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात हे शब्द ऐकावे लागतात याचे वाईट वाटते, पण घाबरलेला माणूस जुन्या वाटेनेच पळतो. नशिबाने म्हणणार नाही, पण शेजारच्या इमारतीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. तिने मावशींचे मनगट धरले आणि घड्याळाकडे बघत पुरे एक मिनिट मोजले. ठोके भरले ३६. ती एवढेच म्हणाली, "रिक्षा नको, १०८ला फोन करा."

या ३६ आकड्याविषयी आज लिहायचे आहे. आपल्या समाजात झडपेचे किंवा बायपासचे ऑपरेशन ठरून तारखेची वाट पाहणारी कितीतरी घरे आहेत. या वाट पाहण्याच्या काळात हृदयाची नाडी मंदावली तर काय होते आणि डॉक्टर काय करतात, हे कोणी आपल्याला बसून समजावत नाही. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. म्हणून कारकुनाच्याच भाषेत सांगतो.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक फाईल समजा. ती वरच्या मजल्यावर निघते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, सायनस नोड. साहेबांचे टेबल ते हेच. विश्रांतीत असताना इथून मिनिटाला साधारण ६० ते १०० आदेश निघतात. आदेश विजेच्या बारीक लहरीच्या रूपात खाली येतो आणि वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्ये असलेल्या दुसऱ्या गाठीपाशी, एव्ही नोडपाशी, क्षणभर थांबतो. हा हेडक्लार्क. तो फाईल मुद्दाम जराशी अडवतो, कारण वरच्या कप्प्यांतले रक्त खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. पुढे तारांचा एक जुडगा येतो, त्याला डावी आणि उजवी फांदी फुटते, आणि आदेश खालच्या कप्प्यांच्या स्नायूंत पोचला की ठोका पडतो. सगळा कारभार सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास उरकतो.

आता हेडक्लार्क सुस्त झाला तर? प्रत्येक फाईल जाते, पण उशिरा. ईसीजीच्या पट्टीवर वरच्या लहरीपासून खालच्या ठोक्यापर्यंतचे अंतर ०.२० सेकंदापेक्षा वाढते. याला पहिल्या पायरीचा ब्लॉक म्हणतात. माणसाला काही जाणवत नाही आणि बहुधा उपचारही लागत नाही. दुसऱ्या पायरीत काही फायली मध्येच गळतात. त्याचेही दोन प्रकार आहेत. एकात उशीर हळूहळू वाढत जाऊन एखादा ठोका चुकतो. हा पुष्कळदा निरुपद्रवी असतो, काही लोकांना तर तो फक्त झोपेत दिसतो. दुसऱ्या प्रकारात काही सूचना न देता ठोका अचानक गळतो. त्याची धास्ती डॉक्टरांना जास्त, कारण तो केव्हाही तिसऱ्या पायरीवर, म्हणजे पूर्ण ब्लॉकवर जाऊ शकतो. पूर्ण ब्लॉक झाला की वरून एकही फाईल खाली पोचत नाही. तेव्हा तळमजल्यावरचा शिपाई स्वतःच्या बुद्धीने काम सुरू करतो, पण मिनिटाला ३०-४० ठोके एवढीच त्याची ताकद. तोही मध्ये थांबला तर मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. मोरीत झाले ते हेच.

मावशींना आयसीयूत घेतले. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी ईसीजी काढल्यावर लगेच विचारले, "गोळ्या कुठं आहेत?" सुनेने प्लॅस्टिकची पिशवी उलटी केली. त्यात दोन वेगळ्या नावांची दोन पाने होती, एक नाक्यावरच्या दवाखान्यातले आणि एक मोठ्या हॉस्पिटलचे. आतले औषध एकच, मेटोप्रोलॉल. रक्तदाबाची म्हणून एक गोळी आणि छातीची म्हणून दुसरी, अशा दोन्ही मावशी महिनाभर घेत होत्या. नावे वेगळी, रंग वेगळा, म्हणून घरात कोणालाच शंका आली नाही. मला हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण ऑपरेशनच्या अर्जाची झेरॉक्स मी काढली होती, केसपेपर माझ्या हातातून गेला होता, आणि त्यातले औषधांचे पान मी वाचलेच नव्हते. आपण शिक्का आणि सही तेवढी बघतो.

नाडी मंद करणारी औषधे पुष्कळ आहेत. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, अमिओडॅरोन, डिगॉक्सिन. हृदयरोग्याला ती लागतात म्हणूनच दिलेली असतात, त्यांना वाईट समजायचे कारण नाही. प्रश्न येतो तो दुप्पट झाल्यावर, किंवा दोन जातींची एकत्र पडल्यावर, किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यावर. डिगॉक्सिन अंगात साठले तर मळमळते, भूक जाते, कधी वस्तू पिवळसर दिसतात, आणि नाडी बिघडते. रक्तातले पोटॅशियम वाढले तरी ठोके मंदावतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असताना त्यावर शक्ती यावी म्हणून रोज दोन-दोन शहाळी पाजली तर प्रेमापोटी घातच व्हायचा. थायरॉइड कमी पडत असेल तरी नाडी हळू चालते. म्हणून डॉक्टर पहिल्याच दिवशी रक्त घेतात. दुरुस्त होण्यासारखे कारण सापडले तर ते आधी दुरुस्त करायचे, वायर-मशीनचा विचार त्यानंतर, हा त्यांचा क्रम. जीवच धोक्यात असेल तर मात्र दोन्ही एकदम.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. हे वाचून कोणी घरातल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मेटोप्रोलॉलसारखे औषध एकदम तोडले तर छातीचे दुखणे उसळते, झटकाही येऊ शकतो. नाडी पन्नासच्या खाली आणि सोबत चक्कर, अंधारी, दम असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सगळी पाने बरोबर न्या आणि डॉक्टरांनाच ठरवू द्या. काही निरोगी, कसलेल्या माणसांची नाडी जन्मभर पंचावन्न असते. नुसत्या आकड्याला घाबरू नये, आकड्यासोबत काय होते ते बघावे.

मावशींची गोळी थांबवली. दोन दिवस गेले, तीन गेले. औषधाचा अंमल ओसरला तरी नाडी चाळीसच्या वर यायला तयार नव्हती. डॉक्टर बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की झडपेवर साचलेला चुना खाली सरकून तारांच्या जुडग्यापर्यंत गेला असावा. एऑर्टिक झडप आणि हृदयातली ती वायरिंग अगदी शेजारी-शेजारी राहतात, मध्ये भिंत अशी नाहीच. गोळ्यांनी झाकलेले दुखणे उघडे पाडले एवढेच, मूळ रोग झडपेतलाच. अॅट्रोपिनचे इंजेक्शन देऊन पाहिले होते. अडथळा वरच्या गाठीत असेल तर त्याने नाडी वाढते, खालच्या तारांत असेल तर फारशी वाढत नाही. मावशींची वाढली नाही.

मग तात्पुरत्या पेसमेकरचा विषय निघाला. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून एक बारीक वायर हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यापर्यंत नेतात. तिचे दुसरे टोक पलंगाजवळच्या छोट्या पेटीला जोडतात. ठोका चुकला की पेटी इशारा देते. जागेवर भूल देऊन हे करतात.

थोरल्या मुलाने सहीला नकार दिला. तो कंत्राटावर काम करतो, आठ दिवसांचा पगार आधीच बुडाला होता. मला म्हणाला, "काका, आईच्या काळजात करंटची वायर घालायची आणि पुन्हा ऑपरेशन करायचं? त्यापेक्षा घरी नेतो. तारखेला परत आणू. मधे तारीख गेली तर कोण देणार परत?" त्याचे चुकत होते असे मला तेव्हाही म्हणवले नाही. आपल्या माणसांनी तारखांसाठी इतक्या रांगा लावल्या आहेत की तारीख हीच औषध वाटू लागते.

मी डॉक्टर बाईंना म्हटले, त्याला तुम्हीच सांगा. त्यांनी चिडचिड न करता पाच मिनिटे दिली. ३६ नाडीच्या माणसाला भूल दिली तर ती आणखी घसरते. अरुंद झडपेच्या हृदयाला आधीच प्रत्येक ठोक्याला जोर लावावा लागतो. ठोकेच कमी पडले की रक्तदाब कोसळतो आणि तो सावरायला वेळ मिळत नाही. तारीख सांभाळायची असेल तर वायर हवीच, आणि अशा ब्लॉकमुळे तारीख मागे जाण्याऐवजी पुढेही आणता येईल, असे त्या म्हणाल्या. पेटीचा करंट इतका सूक्ष्म असतो की रोग्याला तो जाणवतही नाही, हेही सांगितले. छातीवर चिकटवायच्या पॅडमधूनही ठोका देता येतो, पण त्याचे हिसके दुखतात, तो उपाय वायर पोचेपर्यंतच्या वेळापुरता. मुलाने एकच विचारले, "लाईट गेली तर?" पेटी बॅटरीवर चालते.

हा प्रश्न त्याने विचारला तसाच जगाने एकदा विचारलेला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिनियापोलिस शहरात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली भोके शिवत. टाका तारांच्या जुडग्याला लागला की मूल शस्त्रक्रियेतून वाचूनही पूर्ण ब्लॉकने दगावे. म्हणून ते हृदयाला वायर जोडून बाहेरच्या मोठ्या यंत्राने ठोके देऊ लागले. ते यंत्र भिंतीतल्या प्लगवर चालायचे. १९५७च्या ऑक्टोबर अखेरीस शहराची वीज गेली. मग लिलेहाय यांनी हॉस्पिटलची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना गाठले. गॅरेजमध्ये दुकान चालवणाऱ्या या माणसाने काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, हातात मावणारी पेटी बनवून दिली. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला, पण एकामागून एक नवे पेसमेकर बसवत लार्सन २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ वर्षांपर्यंत जगले. दुरुस्तीकाम करणाऱ्या हातांना आपल्याकडे कमी लेखतात, म्हणून मला ही हकीकत मुलांना सांगायला आवडते.

मुलाने सही केली. वायर बसली, पेटीवर आकडा ७० लागला, आणि तासाभरात मावशींनी चहा मागितला. सांभाळायचे ते त्यानंतर. वायर हलली तर ठोका सुटतो. म्हणून मांडीतून घातली असेल तर पाय वाकवायचा नाही, मानेतून असेल तर झटक्याने कुशीवर वळायचे नाही. सिस्टर रोज तपासतात की कमीत कमी किती शक्तीवर हृदय पेटीचे ऐकते, आणि पेटी त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्तीवर ठेवतात. नातेवाइकांनी पेटीला हात लावू नये, तिच्यावर डबा-पिशवी ठेवू नये. टोचलेल्या जागी लाली, पू किंवा ताप दिसला तर लगेच सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वायर घालण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी, नाहीतर शिरेतून रक्त थांबत नाही.

आता, ब्लॉक म्हटला की वायर, असे कोणी समजू नये. ईसीजीवर नुसती डावी किंवा उजवी फांदी बंद दिसते अशी माणसे खूप आहेत. चक्कर नाही, बेशुद्धी नाही, तर त्यांना ऑपरेशनआधी सहसा पेसमेकर लागत नाही. भूल देणारे डॉक्टर पॅड आणि औषधे हाताशी ठेवतात. डावी फांदी बंद असणाऱ्याच्या हृदयात तपासणीची नळी घालताना ती उजव्या फांदीला घासून पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. त्यामुळे जुना ईसीजी फेकू नका. नवीन बिघाड कोणता आणि जुना कोणता, हे त्या जुन्या कागदावरूनच कळते.

बायपासची वाट पाहणाऱ्यांचे आणखी निराळे. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका आला असेल तर ब्लॉक होतो, पण तो बहुतेकदा काही दिवसांत आपोआप सुटतो, कारण उजव्या धमनीतून एव्ही नोडला जाणारा पुरवठा हळूहळू सावरतो. तिथे डॉक्टर कायमच्या पेसमेकरची घाई करत नाहीत. समोरच्या भागाच्या मोठ्या झटक्यात ब्लॉक झाला तर मात्र प्रकरण गंभीर असते.

आणि एक दुखणे असे आहे की त्यात पहिल्या पायरीचा ब्लॉकसुद्धा धोक्याची घंटा असतो. झडप खराब असलेल्या माणसाला ताप येऊन झडपेवर जंतू बसले आणि रोजच्या ईसीजीत ते अंतर वाढत चालले, तर झडपेच्या मुळाशी पू होऊन तो तारांपर्यंत सरकतो आहे असा संशय घेतात. मग तारखेची वाट पाहत नाहीत, ऑपरेशन लवकर करावे लागते. असा रोगी घरात असेल आणि दोन-तीन दिवस ताप राहिला, तर नाक्यावरून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून भागवू नका. आधी रक्ताची कल्चर तपासणी व्हायला हवी.

झडपा खराब होण्याचे आपल्या वस्त्यांतले जुने कारण वेगळे. लहानपणी घसा येतो, सांधे सुजतात, ताप येतो, तो संधिवाताचा ताप. त्यातही ईसीजीवर तेच अंतर वाढलेले दिसू शकते, निदानाच्या खुणांत ते मोजले जाते. एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे घशाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. ज्या मुलाला हा ताप एकदा येऊन गेला त्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे द्यावे लागते. 'आता बरा आहे' म्हणून ते बंद करणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि वीस वर्षांनी त्याच मुलाच्या झडपेसाठी कागद गोळा करायलाही गेलो आहे.

मावशींचे ऑपरेशन ठरलेल्या तारखेच्या अडीच आठवडे आधी झाले. झडप बदलली, चुना काढला. शेवटी सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा लावून त्यांची टोके छातीबाहेर काढून ठेवतात, तशा ठेवल्या. वायरिंग परत चालू होते का, याची साधारण पाच-सात दिवस वाट पाहतात. पुष्कळांची होते आणि तारा ओढून काढतात. मावशींची झाली नाही. आठव्या दिवशी त्यांना कायमचा पेसमेकर बसवला. तो आधीच का नाही बसवला, असे धाकटा मुलगा विचारत होता. ऑपरेशननंतर गरज राहील की नाही हे आधी सांगता येत नाही, आणि जंतूंचा संशय असेल तर आधी बसवलेले यंत्र उलट अंगाशी येते.

पैशाचे सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेचे ऑपरेशन, बायपास आणि कायमचा पेसमेकर यांचा समावेश आहे. पण मंजुरी झडपेची असते. मध्येच पेसमेकर लागला तर त्याचा कागद वेगळा जाऊ शकतो. आरोग्यमित्राला त्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळते का हे आजच बघून ठेवा. मावशींच्या कार्डावर माहेरचे नाव होते, त्यात आमचे दोन दिवस गेले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, आणि भेटताना उत्पन्नाचा दाखला हातात असू द्या. रक्ताची सोय आधी करून ठेवावी. १४ एप्रिलच्या शिबिरात रक्त देणारी आपली मुले वर्षाच्या बाकी दिवसांतही बोलावली तर येतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना आधीच पेसमेकर आहे आणि आता दुसरे ऑपरेशन ठरले आहे, त्यांनी पेसमेकरचे कार्ड सोबत न्यावे. ऑपरेशनात रक्त थांबवायला विजेची सुई वापरतात, तिच्या लहरींनी यंत्र फसू शकते. म्हणून आधी बॅटरी तपासून यंत्राची मांडणी बदलून घेतात आणि नंतर पुन्हा पूर्ववत करतात.

मावशी आता घरी आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी रोजची नाडी लिहितात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटे, घड्याळ समोर आणि पुरे एक मिनिट, पंधरा सेकंदांची चौपट नको, कारण गळलेला ठोका पंधरा सेकंदांत सापडत नाही. परवा त्यांनी माझाही हात धरून मोजला. ७८ भरले. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बरंय."

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात ती नर्सिंगची मुलगी नाडी मोजायला शिकवणार आहे. ज्यांच्या घरी ऑपरेशनची तारीख लागली आहे त्यांनी केसपेपर, जुने ईसीजी आणि घरातल्या गोळ्यांची सगळी पाने पिशवीत घालून आणावीत, रिकामी झालेली पानेसुद्धा.